स्थलांतरित माता व बालकांचे आरोग्य : नाव कोणत्या गावचे?

प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वी विहाराच्या सभागृहात आम्ही माता-बालक आरोग्य तपासणीचे एक शिबिर घेतले होते. रविवार असल्याने गर्दी चांगली होती. दाराजवळ टेबल मांडून आमचे स्वयंसेवक फॉर्म भरून घेत होते. फॉर्मवर नाव, वय, गाव आणि रेशनकार्डाचा क्रमांक असे रकाने होते. रांगेत एक गरोदर बाई आली. चांदूर रेल्वेच्या बाहेर वीटभट्टीवर कामाला आलेल्या मेळघाटच्या कोरकू कुटुंबातील ती होती. तिने सांगितलेले गाव धारणी तालुक्यातील निघाले. रेशनकार्ड गावी राहिले होते. स्वयंसेवक तिला म्हणाला, "बाई, हे शिबिर आपल्या तालुक्यासाठी आहे. तुमचं नाव तुमच्या गावच्या रजिस्टरात असेल, तिकडेच दाखवा." ती काही बोलली नाही. पदर सावरून निघून गेली.

संध्याकाळी फॉर्म मोजताना एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारले, "ती बाई तिकडे केव्हा जाईल? होळीला ना? आणि बाळ केव्हा होईल?" आमच्यापैकी कोणाजवळही उत्तर नव्हते. दोन दिवसांनी आम्ही भट्टीवर गेलो, तेव्हा ते कुटुंब दुसऱ्या भट्टीवर गेल्याचे कळले. कोणत्या, ते कोणी सांगू शकले नाही. तिचे बाळंतपण कुठे झाले, बाळ कसे आहे, हे आम्हाला आजही माहीत नाही.

ही चूक दुसऱ्या कोणाची नव्हती, आमची होती. त्या चुकीतूनच प्रस्तुत लेख तयार झाला आहे. पोटासाठी गाव सोडून आलेल्या गरोदर स्त्रीला व तिच्या मुलाला आरोग्यसेवा देण्याची जबाबदारी कोणाची, जिथून ती आली त्या गावाची की जिथे ती आज आहे त्या गावाची, हा या अभ्यासाचा विषय आहे.

१. स्थलांतरित म्हणजे कोण?

मेळघाट म्हणजे आपल्याच अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे दोन तालुके. १९९३ साली तेथील बालमृत्यूंची बातमी देशभर गेली, तेव्हापासून हे नाव कुपोषणाशी जोडले गेले आहे. खरिपाची कामे संपली की तेथील कोरकू कुटुंबे सपाटीवर उतरतात. सोयाबीनची सोंगणी, कपाशीची वेचणी, पुढे हरभरा आणि गहू, शिवाय वीटभट्ट्या व बांधकामे अशी कामे ती करतात. होळी हा कोरकूंचा मोठा सण. त्यासाठी बहुतेक कुटुंबे गावी परततात. शेजारच्या मध्य प्रदेशातूनही मजूर येतात.

पण स्थलांतर म्हणजे फक्त दुसऱ्यांनी आपल्याकडे येणे नव्हे. आपल्या वस्तीतील किती कुटुंबे पुण्याला, मुंबईला, सुरतेला गेली आहेत, याची प्रत्येकाने आपल्या घरापासून मोजणी करून पाहावी. आपली सून पुण्यातील बांधकामावर जशी परकी असते, तशीच कोरकू बाई चांदूर रेल्वेत परकी असते.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात सासरहून माहेरी येते आणि सव्वा महिन्याने किंवा त्याहूनही उशिरा परत जाते. शासकीय भाषेत हेसुद्धा स्थलांतरच आहे. तिचे नाव सासरच्या अंगणवाडीत असते, तरी माहेरची अंगणवाडी सेविका तिला टाकत नाही. नर्सबाई तिला टी.डी.चे इंजेक्शन देतात, आशाताई तिला दवाखान्यात नेतात. "तू या गावची नाहीस" असे माहेरवाशिणीला कोणी म्हणत नाही. म्हणजे दुसऱ्या गावच्या बाईला सेवा देणे यंत्रणेला जमते. कोणाला देणे स्वाभाविक वाटते, एवढाच प्रश्न आहे.

२. लाभाचे तीन प्रकार

अभ्यासाच्या सोयीसाठी माता व बालकांना मिळणाऱ्या शासकीय लाभांचे आपण तीन प्रकार करू.

(अ) येईल त्याला मिळणारे लाभ : लसीकरण हे त्याचे उत्तम उदाहरण होय. लस देताना रेशनकार्ड पाहिले जात नाही. २०११ साली सुरू झालेला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमही याच प्रकारचा आहे. शासकीय दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक गरोदर स्त्रीचे बाळंतपण, मग ते साधे असो की सिझेरियन, विनामूल्य करायचे असते. औषधे, तपासण्या, रक्त, दवाखान्यातील जेवण, घरून दवाखान्यात व परत घरी पोहोचविणारे वाहन हे सर्व त्यात येते. आजारी नवजात बालकाचे उपचारही मोफत असून ही सोय पुढे एक वर्षापर्यंतच्या बालकांना लागू झाली. येथे दारिद्र्यरेषेची वा गावाची अट नाही. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतील उपचार सर्वांनाच निःशुल्क करण्यात आले.

(ब) कागदावर मिळणारे लाभ : २००५ सालची जननी सुरक्षा योजना अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालील मातांना दवाखान्यातील बाळंतपणानंतर रोख मदत देते. महाराष्ट्रात ग्रामीण भागासाठी ही रक्कम ७०० रुपये ठरली. २०१७ सालच्या प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपयांची तरतूद झाली. महात्मा फुले जन आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला अमरावती जिल्हा होता. या सर्वांसाठी आधार, बँकखाते, जातीचा दाखला, रेशनकार्ड असे काही ना काही लागते. कागद गावच्या पेटीत असला की लाभही पेटीतच राहतो.

(क) जागेशी बांधलेले लाभ : याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. आदिवासी क्षेत्रासाठी २०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत व बाळंतपणानंतर सहा महिने मातेला अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण द्यायचे, अशी ती योजना. योजना चांगली आहे. पण ती अनुसूचित क्षेत्रात चालते आणि चांदूर रेल्वे तालुका त्या क्षेत्रात येत नाही. धारणीची बाई आठव्या महिन्यात येथील भट्टीवर असेल, तर ज्या महिन्यांसाठी ते जेवण योजले तेच महिने तिच्या हातून निसटतात. भूक तिच्याबरोबर घाट उतरते, ताट वरच राहते.

जातीच्या दाखल्याबाबतही आपल्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९९० साली केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू केल्या, हे आपण जाणतो. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मारी चंद्रशेखर राव यांच्या खटल्यात असा निर्णय दिला की, एका राज्यातील अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती दुसऱ्या राज्यात राहायला गेली म्हणजे तेथेही ती आपोआप त्या सूचीत धरली जात नाही. तो खटला मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाचा होता. तात्पर्य असे की, राज्याची सीमा ओलांडली की दाखल्याचे बळ कमी होते. म्हणूनच आरोग्याचा मूलभूत लाभ शक्य तितका पहिल्या प्रकारात, म्हणजे येईल त्याला, असला पाहिजे.

३. कायदा व न्यायालये काय सांगतात?

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अन्नाच्या हक्काबाबतच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी आदेश दिला की, सहा वर्षांखालील प्रत्येक बालकाला, तसेच प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला अंगणवाडीच्या सेवा मिळाल्या पाहिजेत. चाळीस बालके असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी, असेही त्यात आहे. पुढे २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातांच्या आणि बालकांच्या आहाराला कायद्याचा आधार दिला.

स्थलांतराचा प्रश्न सरळ हाती घेणारा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा आहे. शांतीदेवी नावाची एक गरीब स्त्री मूळची बिहारची. दारिद्र्यरेषेखालील असूनही तिला वेळेवर उपचार मिळाले नाहीत आणि जानेवारी २०१० मध्ये बाळंतपणानंतर ती मरण पावली. दुसऱ्या एका निराधार स्त्रीला २००९ साली दिल्लीत झाडाखाली बाळंत व्हावे लागले. ही दोन्ही प्रकरणे एकत्र ऐकून न्यायमूर्ती मुरलीधर यांनी ४ जून २०१० रोजी निकाल दिला. सुरक्षित मातृत्व हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि पोटासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या स्त्रीचे लाभ तिच्याबरोबर गेले पाहिजेत, हा त्या निकालाचा गाभा होय. शांतीदेवीच्या कुटुंबाला नुकसानभरपाईही देण्यात आली. गेलेला जीव मात्र परत आला नाही.

मजुरांसाठी १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला. ठेकेदाराने मजुरांना मोफत वैद्यकीय सोय द्यावी, असे त्यात होते. पण तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. बैतूल जिल्ह्यातून आलेला कोरकू मजूर त्यात बसू शकत होता, धारणीचा कोरकू मजूर बसत नव्हता. बोली एक, काम एक, भट्टी एक, पण कायद्यापुढे दोघे वेगळे. हा कायदा पुढे २०२० च्या कामगार संहितेत सामावला गेला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली.

४. परदेशातील एक धडा

हा प्रश्न केवळ गरीब देशांचा आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत २२ ऑगस्ट १९९६ रोजी एक कायदा झाला. कायदेशीर मार्गाने, रीतसर कागदपत्रे घेऊन नव्याने आलेल्या बहुसंख्य स्थलांतरितांनाही गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना पहिली पाच वर्षे मिळणार नाही, अशी अट त्याने घातली. आता साधा हिशेब करा. गर्भ नऊ महिन्यांचा आणि वाट पाहायची पाच वर्षे! आज पोटात असलेले मूल पाच वर्षांनी शाळेच्या दारात उभे असणार. त्याच्या आईची गरोदरपणातील तपासणी तेव्हा करून उपयोग काय?

ही विसंगती तेथील लोकांच्याही लक्षात आली. ४ फेब्रुवारी २००९ च्या कायद्याने तेथील राज्यांना मुभा दिली की, कायदेशीररीत्या राहणाऱ्या स्थलांतरित मुलांना व गरोदर स्त्रियांना पाच वर्षे न थांबविता लाभ द्यावा. पुढे निम्म्याहून अधिक राज्यांनी ही मुभा वापरली. इतरांची अट कायम ठेवूनही मुले व गरोदर स्त्रिया यांना त्यांनी वेगळे काढले, कारण या दोघांची गरज थांबत नाही. आपल्यासाठी धडा हाच आहे.

५. बाबासाहेबांची भूमिका

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मोठ्या प्रमाणात शासनाने उचलला पाहिजे, कारण जनतेच्या कल्याणाची काळजी वाहणे हे मुख्यतः शासनाचे काम आहे, अशी त्यांची मांडणी होती. स्त्रीच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, म्हणून त्यालाही यातून सुटका नाही, हेही त्यांनी सांगितले. १९२९ साली तो कायदा मुंबई इलाख्यात झाला.

तो कायदा कारखान्यातील स्त्रियांसाठी होता. शेतात सोंगणी करणारी आणि भट्टीवर विटा थापणारी स्त्री त्याच्या बाहेर राहिली. बाबासाहेबांनी सांगितलेले तत्त्व मात्र तिलाही लागू आहे. मातेची विश्रांती राष्ट्राच्या हिताची असेल, तर ती माता कोणत्या तालुक्याची, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

६. प्रत्यक्षात अडते कुठे?

पहिली अडचण नोंदीची. "चांदूरला गेली" एवढेच गावच्या आशाताईला ठाऊक असते. आपल्या जिल्ह्यात चांदूर दोन, चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार. मेळघाटच्या पायथ्याकडचे चांदूर बाजार तिकडच्या लोकांच्या अधिक ओळखीचे, म्हणून शोध तिकडे होतो आणि बाई असते येथे. राज्याच्या महिला व बालविकास विभागाने २०२१ साली अमरावतीसह काही जिल्ह्यांत स्थलांतरितांचा मागोवा घेणारी नोंद पद्धत सुरू केली. त्याच वर्षी आलेल्या पोषण ट्रॅकरमध्येही दुसऱ्या गावच्या लाभार्थ्याची नोंद घेण्याची सोय आहे. पण यंत्रात नाव घालायला आधी कोणी तरी भट्टीपर्यंत जावे लागते.

दुसरी अडचण वेळेची. बाळाला जन्मतः बीसीजी, पोलिओ व काविळीची लस द्यायची असते. त्यानंतर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी येतात. कामाचा हंगामही साधारण एवढाच लांब. म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला जन्मलेल्या बाळाच्या सर्व पहिल्या लसी परगावीच द्याव्या लागतात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. एखादा डोस चुकला म्हणून सुरुवातीपासून पुन्हा सुरू करावे लागत नाही. जिथे थांबले तिथून पुढे चालू करायचे असते. मात्र कुठे थांबले, हे कार्डावरूनच कळते.

तिसरी अडचण तपासणीच्या निकालाची. विदर्भात सिकलसेलचा आजार आदिवासी समाजात आहे, तसा आपल्या समाजातही आहे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. गरोदर स्त्रीला सिकलसेल आहे की नाही, हे बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना आधी ठाऊक असणे फार महत्त्वाचे असते. निकालाचा कागद गावी असेल, तर वेळ वाया जातो, आणि काही वेळा वेळच नसतो.

चौथी अडचण जन्मदाखल्याची. कायद्याने जन्माची नोंद बाळ जिथे जन्मले तिथेच होते, आईबापांच्या गावी नव्हे. ती एकवीस दिवसांच्या आत करावयाची असते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून अनेक ठिकाणी हा दाखला मुख्य पुरावा झाला आहे. कुटुंब दाखला न घेता गावी परतले, तर पुढे एका कागदासाठी त्यांना घाट उतरून येथे यावे लागते.

७. आपण काय करू शकतो?

(१) हंगाम सुरू होताच, दिवाळीनंतर, आपल्या परिसरातील भट्ट्या व शेतावरील झोपड्यांना भेट देऊन गरोदर स्त्रिया आणि सहा वर्षांखालील मुलांची यादी करावी व ती जवळच्या अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईला द्यावी.

(२) परगावी जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना सांगावे की माता व बाल संरक्षण कार्ड, आधार, बँकेचे पासबुक आणि सिकलसेलचा निकाल एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवा. भांडीकुंडी बांधताना ही पिशवी आधी बांधावी.

(३) गाव सांगताना तालुका व जिल्हा सांगण्याची सवय लावावी. "चांदूर" एवढ्याने भागत नाही.

(४) १०२ व १०८ हे वाहनाचे क्रमांक भट्टीच्या मुकादमाला आणि मजुरांना माहीत करून द्यावेत. रात्री कळा सुरू झाल्या तर कोणाला उठवायचे, हे आधीच ठरवून ठेवावे.

(५) एकवीस दिवसांत जन्मनोंद आणि परतण्यापूर्वी दाखला, या दोन गोष्टींची आठवण एका कार्यकर्त्याने अंगावर घ्यावी.

आमच्या शिबिराचा फॉर्म आम्ही त्या वर्षीच बदलला. रेशनकार्डाचा रकाना काढून टाकला. त्याऐवजी तीन प्रश्न घातले : कितवा महिना? कार्ड सोबत आहे का? येथून पुढे कुठे जाणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहून घेताना आम्हाला प्रत्येक वेळी ती बाई आठवते. तो प्रश्न त्या रविवारी विचारला असता, तर तिचा माग लागला असता.

समारोप

रेशनचे धान्य आता एका कार्डावर देशात कोठेही घेता येते. धान्याला जमले ते आरोग्यालाही जमले पाहिजे. कायदा बऱ्याच अंशी बाजूने आहे, न्यायालयांनी सांगितले आहे, योजनाही आहेत. उरतो तो शेवटचा मैल, रजिस्टरापासून भट्टीपर्यंतचा. तो चालून जाणे आपल्या हातात आहे. लेकीला माहेरी आणल्यावर आपण तिच्या सासरच्या रजिस्टराची वाट पाहत नाही. जी बाई आपल्या शिवारात आपल्या घरांसाठी विटा थापते, तिच्या दिवसांत निदान तेवढी आस्था आपण दाखवावी, अशी आमची सर्व सभासदांना व विद्यार्थ्यांना नम्र विनंती आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीतून गेल्या वर्षी किती कुटुंबे कामासाठी बाहेर गेली? त्यांत सहा वर्षांखालील मुले किती होती?
२. लेखातील लाभांचे तीन प्रकार सांगा. प्रत्येकाचे आणखी एक उदाहरण आपल्या गावातून शोधा.
३. पाच वर्षांच्या प्रतीक्षेची अट गरोदर स्त्रीच्या बाबतीत निरर्थक का ठरते?
४. माहेरी आलेली लेक आणि भट्टीवर आलेली मजूर स्त्री यांना मिळणाऱ्या वागणुकीत फरक का पडतो? गटात चर्चा करा.
५. जवळच्या अंगणवाडीला भेट देऊन परगावच्या किती माता-बालकांची नोंद आहे ते विचारा व त्यावर दहा ओळी लिहा.